एक्सेटरहून माथेरानला

एक्सेटर, इंग्लंड,
9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज चढला आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे. दादा, हे दोघांना मोठ्याने वाचून दाखव. घाईत मधलं गाळू नकोस, बाबांसाठीचं मधेच आहे.

आधी खुशाली. मी बरी आहे. खोली उबदार आहे, ड्यूटीचं तुम्हाला माहीतच आहे, त्यात नवीन काही नाही. फराळाचं पार्सल पोहोचलं. चकल्या मोडल्या होत्या पण चव तीच, आणि करंज्या वॉर्डातल्या केरळच्या मुलींनी दोन दिवसांत संपवल्या.

आता आईच्या बोलण्याचं. "घोड्यामागे धावायला लागू नये म्हणून तुला शिकवली, आणि तिकडे जाऊन पुन्हा लीदच काढतेस?" आई, हो, काढते. सुट्टीच्या दिवशी आणि माझ्या खुशीने. त्याचे पैसे मी घेत नाही. सोबतच्या एका सिस्टरच्या नात्यातल्या आजी ओकहॅम्प्टनजवळ राहतात, सत्तरी उलटलेल्या. त्यांच्याकडे दोन घोडे आहेत आणि आता एकटीने दोन्ही फिरवणं त्यांना होत नाही. इथून तिथवर रेल्वे जाते, बरीच वर्षं बंद होती ती 2021 साली पुन्हा सुरू झाली. मी जाते, तबेला झाडते, खरारा करते, मग एका घोड्यावर त्या आणि एकावर मी. खोगीर उतरवल्यावर घोड्याच्या पाठीचा जो वास येतो ना बाबा, तो इथेही तोच आहे. मला त्याची गरज वाटते. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

आणि आई, मी पडलेले नाही. डोक्याला हेल्मेट असतं, अंगात लांबून चमकणारं पिवळं जाकीट असतं, घोड्याच्या पायांनाही तसेच पट्टे बांधतो. तू दादाच्या मोबाइलवर जो फोटो पाहिलास, माझ्या मागे गाडी उभी असलेला, ती गाडी मला धडकायला आली नव्हती. थांबली होती. इथे नियमच आहे. 29 जानेवारी 2022 पासून तो स्पष्ट लिहिला गेला: घोड्याच्या बाजूने जाताना वेग ताशी 10 मैलांच्या आत, म्हणजे आपले 16 किलोमीटर, आणि मधे निदान 2 मीटर जागा. गाडीवाला थांबला की आम्ही हात वर करून आभार मानतो. लगाम दोन्ही हातांनी धरावा लागला तर मान हलवतो. नव्या माणसाला आजी लगाम धरायच्या आधी हे शिकवतात.

सगळेच पाळतात असं मी म्हणणार नाही, कारण तुला खोटं लिहिलं तर दादा शोधून काढेल. आमच्या या डेव्हन भागातले गावरस्ते अरुंद आहेत, एक गाडी जेमतेम जाईल एवढे. दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध आणि त्यावर झुडपं, त्यामुळे वळणापलीकडचं दिसत नाही. आणि अशा रस्त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी कायद्याने ताशी 60 मैलांची मुभा आहे. म्हणून रस्त्यावर कमीत कमी वेळ राहायचं, अंधार पडायच्या आत परतायचं, हे आम्ही ठरवूनच ठेवलंय. आता साडेचारलाच दिवस मावळायला लागतो, तेव्हा फक्त सकाळी जातो. मी एकटी कधीच जात नाही. एवढं पुरे ना?

मुळात रस्त्यावर यायचंच कशाला, असं बाबा विचारतील. वाटा तुटक आहेत म्हणून. इथे रानातून, शेतातून जाणाऱ्या हक्काच्या वाटा आहेत आणि त्यांच्यावर बाण लावलेले असतात. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी. निळा बाण म्हणजे घोडाही चालेल. 1968 च्या कायद्यापासून निळ्या वाटेवर सायकलही चालते, पण तिने घोड्याला आणि चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. इंग्लंडातल्या अशा सगळ्या वाटांचं जाळं धरलं तर घोड्याला मुभा असलेल्या जेमतेम पाचवा हिस्सा. त्यामुळे एक निळी वाट संपते, पुढची सुरू होईपर्यंत मधला तुकडा डांबरी रस्त्यावरून काढावा लागतो, आणि घोड्याला धोका असतो तो त्याच तुकड्यात.

बाबा, आता तुमच्यासाठीचं. ही रीत मला कळायला फार वेळ लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

आजींच्या घराजवळ एक जुनी वाट आहे, दोन निळ्या वाटांना जोडणारी. तिच्यावरून गेलं की डांबरी रस्ता पूर्ण टळतो. आसपासचे घोडेवाले वर्षानुवर्षं तिथून जायचे. शेत विकलं गेलं, नव्या मालकाने फाटकाला कुलूप लावलं. मी म्हटलं, त्याची जमीन आहे, आपण जाऊन विनंती करू, परवानगी मागू. आजी एकदम म्हणाल्या, "परवानगी मुळीच मागायची नाही!" मला वाटलं, या भांडणाच्या तयारीत आहेत. पण तसं नव्हतं. इथे एखाद्या वाटेवरून लोक सलग 20 वर्षं गेले, जबरदस्तीने नाही, लपूनछपून नाही आणि परवानगी घेऊनही नाही, तर ती वाट लोकांच्या हक्काची झाली असं कायदा धरून चालतो. 1980 च्या कायद्यात ते आहे. परवानगी मागितलीत की तुम्हीच कबूल केलंत, ही वाट तुमची कृपा आहे, माझा हक्क नाही. मग 20 काय, 50 वर्षं गेलात तरी उपयोग नाही.

हे मालकांनाही ठाऊक असतं. म्हणून काही मालक वर्षातून फक्त एक दिवस फाटक बंद ठेवतात. बाकी 364 दिवस खुशाल जा, कोणी हटकणार नाही. त्या एका दिवशी कुलूप, दुसऱ्या दिवशी उघडं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं काहीतरी सणवार असेल. पण त्या एका दिवसाने हे दाखवायचं असतं की मी जाऊ देतोय, पण हक्क देत नाही. कोणी पाटी लावतो, "मालकाच्या परवानगीने"; तिचाही अर्थ तोच. अशी पाटी दिसली की आजींचा चेहरा उतरतो. आपल्याला ती पाटी म्हणजे चांगुलपणा वाटेल.

तर आजी आणि आसपासचे घोडेवाले आता फॉर्म भरताहेत. प्रत्येकाने स्वतःचा. कोणत्या सालापासून गेलात, किती वेळा, पायी की घोड्यावरून, फाटक होतं का, कोणी अडवलं का, कोणाला विचारलंत का. सोबत नकाशा, त्यावर आपल्या हाताने वाट आखायची आणि सही करायची. दफ्तरखान्यात जाऊन 1840 च्या सुमाराचे नकाशेही काढले, चर्चचा शेतसारा ठरवण्यासाठी केलेले, आणि त्यात ही वाट आखलेली आहे. मग अर्ज कौन्सिलकडे. निकालाला वर्षं लागतात. देशभर अशा जुन्या वाटा शोधून नोंदवायची धावपळ चालू होती, कारण 1 जानेवारी 2026 नंतर जुन्या कागदांवरून हक्क मागता येणार नाही असं 2000 सालच्या कायद्यात होतं. ती मुदत मग 2031 पर्यंत वाढवली, आणि गेल्या डिसेंबरात सरकारने मुदतच काढून टाकू असं जाहीर केलं. आजी म्हणतात, जाहीर केलंय ना, झालं की मग थांबू. त्या फॉर्मांवर ज्या नेटाने बसतात ते पाहून मला तुम्ही आठवता, घोड्याच्या लायसनच्या कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले.

वर डार्टमूरचं माळरान लागलं की मात्र प्रश्न मिटतो. तिथल्या सामायिक रानांसाठी 1985 साली वेगळा कायदा झाला आणि त्यात लिहिलंय की लोकांना पायी आणि घोड्यावरून जायचा हक्क आहे. बाबा, कायद्यातच घोडा लिहिलेला आहे. यंदा मे महिन्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयात त्याच कलमावर खटला झाला. जमीनमालकांचं म्हणणं होतं, पायी आणि घोड्यावरून म्हणजे फक्त चालायचं आणि रपेट करायची, तंबू ठोकून राहायचं नाही. पाचही न्यायाधीशांनी लोकांच्या बाजूने निकाल दिला. मी तो निकाल रात्रपाळीच्या सुट्टीत वाचत बसले होते.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. आपल्याकडचा कायदा वेगळा, जमीन बरीचशी वन खात्याची, हे मला माहीत आहे. 20 वर्षांचा नियम तिथे लागू होईल असं मी म्हणत नाही. पण माथेरानमध्ये घोडा कुठून कुठे जायचा आणि जातो, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? दस्तुरी नाक्यापासून कुठल्या आडवाटा, शार्लोट लेकच्या मागून कशी, रामबागेकडे कुठून वळायचं, कुठली वाट पावसात खचते, पेव्हर ब्लॉकवर कुठे नाल घसरतो. हे सगळं तुमच्या डोक्यात आहे आणि कुठल्याच कागदावर नाही. ऑगस्टमध्ये दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. चांगलंच झालं, माणसाने माणसाला ओढू नयेच. पण त्यांच्या जागी ई-रिक्षा वाढतील. त्याही हव्यात, शाळेच्या पोरांना हव्यात, दम लागणाऱ्या म्हाताऱ्यांना हव्यात. त्याच रस्त्यावर घोडा चालवायचा तर घोडाही बिथरणार आणि दोष घोडेवाल्याला लागणार. घोड्याला लाल मातीची वेगळी वाट राहू दे, एवढंच मागायचं. ते मागायला नकाशा लागतो. दादाने मोबाइलवर वाट मोजावी, तुम्ही सांगावं, संघटनेतल्या तुमच्या वयाच्या चौघा-पाचांनी सह्या कराव्यात. सीझन आहे, वेळ नाही, हे कळतं मला. सोमवारी गर्दी ओसरली की एकेक वाट करा. इथून बसून सांगणं सोपं आहे, असं दादा म्हणेल. म्हणू दे. नकाशा मी इथे नीट काढून देईन, तेवढं तरी माझ्याकडे असू द्या.

मामालाही सांगा. त्याच्या शिवारातली पाणंद शेजाऱ्याने अडवली त्याला किती दिवस झाले ते आधी मोजा. मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे जायचं तर अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. मामा "बघू, बोलून मिटेल" म्हणत बसेल आणि मुदत जाईल. त्याला उद्याच फोन करा.

आता पैशाचं. या महिन्यात 70,000 पाठवलेत. त्यातले आधी बाबांच्या गुडघ्याच्या एक्स-रेसाठी काढा, मग चंदी आणि नालबंदाचे, उरलेले पतपेढीच्या हप्त्याला. बाबा, एक्स-रेचे पैसे घोड्यांवर खर्च करू नका, मी आईला विचारणार आहे. तुम्ही मागे म्हणालात, चांदणी घोडी म्हातारीच झाली होती, विकायचीच होती. ती आठ वर्षांची होती बाबा. कॉलेजच्या फीची पावती अजून माझ्या फाइलमध्ये आहे, तारीखही त्याच आठवड्यातली आहे. यावर तुम्ही फोनवर काही बोलू नका, मला ड्यूटीवर जायचं असतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एका तरण्या घोडीचे पैसे साठवते आहे, त्याला नाही म्हणायचं नाही.

दादाच्या लग्नाला मी येणार, नक्की येणार. रजा मात्र दहाच दिवस मिळेल असं दिसतंय, फेब्रुवारीत वॉर्डात माणसं कमी असतात. हळदीच्या आदल्या दिवशी पोहोचेन आणि पूजा झाली की निघावं लागेल. आई, रडू नकोस, मागच्या वेळेपेक्षा तीन दिवस जास्तच आहेत. वहिनीची अंगठी मी इथून आणणार नाही, सोनं कर्जतलाच घ्या. मी पैसे वेगळे पाठवते, 70,000 मध्ये धरू नका.

पनवेलच्या मुलाचा फोटो मिळाला. चांगला वाटतो. भेटेन, पण लग्नाच्या गर्दीत, सगळ्या मावश्यांसमोर नको, आणि उत्तर तिथल्या तिथे मागू नका. मी परत यायचं की त्याने इकडे यायचं, हे आधी बोलायला हवं. आणि सुट्टीच्या दिवशी मी तबेल्यात असते हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

दादा, नेरळच्या हॉलवाल्याला अ‍ॅडव्हान्स या रविवारच्या आत दे, पावतीवर तारीख लिहून घे आणि तिचा फोटो मला पाठव.

तुमची,
सुमन