खाडाखोडीची पानेही जपावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादे पुस्तक किती झपाट्याने लिहून झाले, हे आपल्याकडे फार कौतुकाने सांगितले जाते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात 1933 च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहिली, ही हकिगत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि ती खरीही आहे. मात्र लिहून झालेली कादंबरी पुन्हा हाती घेऊन ती दुरुस्त करण्यात जी वर्षे जातात, त्यांविषयी मराठीत फारच थोडे बोलले जाते. सध्या मी त्याच वर्षांतून जात आहे, म्हणून हे पत्र.

माझी कादंबरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरील एका कारकुनाची आहे. पहिला खर्डा अकरा महिन्यांत झाला. पुनर्लेखनाचे हे तिसरे वर्ष आहे. गेल्या महिन्यात माझ्या ध्यानात आले, की नवव्या प्रकरणात वारलेली कारकुनाची चुलती चौदाव्या प्रकरणात अंगणात बसून ज्वारी पाखडते आहे. नुसती ती ओळ खोडून भागण्यासारखे नव्हते, कारण त्या सुपाच्या आवाजावरच पुढचा सगळा प्रसंग उभा होता. अखेर सूप सुनेच्या हाती दिले, तेव्हा ती सून त्या घरात कशी वावरत असेल हे मला प्रथमच उमगले आणि मागची तीन प्रकरणे नव्याने लिहावी लागली.

या दिवसांत घरची माणसे आपुलकीने ‘कुठवर आलं?’ असे विचारतात, पण पानांची संख्या रोज कमीच होत असताना त्यांना काय सांगावे, ते सुचत नाही. धीर मिळतो तो वाचनातून. दुसऱ्याची कादंबरी मी या काळात कटाक्षाने टाळते, कारण तिची लय नकळत आपल्या वाक्यांत उतरते. रात्री वाचते त्या लेखकांच्या रोजनिश्या आणि पत्रे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी ‘द इयर्स’ या कादंबरीवर अखेरचा हात फिरवताना 1936 साली इतके सोसले, की त्या वर्षीच्या एप्रिलपासून जूनपर्यंत, जवळजवळ दोन महिने, त्यांच्या रोजनिशीत एकही नोंद नाही. पुढे छापखान्याच्या मुद्रितांतूनही त्यांनी मोठमोठे भाग काढून टाकले. त्यांचे पती लेनर्ड यांनी कादंबरी वाचून तिची मनापासून वाटली त्याहून अधिक स्तुती केली आणि अनेक वर्षांनी आत्मचरित्रात तसे कबूलही केले. ते त्यांनी योग्यच केले, असे मला वाटते. पण मला सर्वाधिक आधार दिला तो रोजनिशीतल्या त्या कोऱ्या दोन महिन्यांनी. इतक्या मोठ्या लेखिकेलाही वही मिटून ठेवावी लागली आणि नंतर ती पुन्हा उघडता आली, हे त्यात दिसते.

हेमिंग्वे यांच्या ‘अ फेअरवेल टु आर्म्स’ची 2012 साली निघालेली आवृत्तीही मी अशीच जवळ ठेवली आहे. या कादंबरीचे सत्तेचाळीस पर्यायी शेवट त्यात छापले आहेत. काही एकदोन वाक्यांचे, तर काही त्याहून बरेच मोठे. त्यांतले काही नाकारलेले शेवटही सुंदर आहेत. चांगले वाक्यसुद्धा खोडावे लागते, ही गोष्ट मला ते वाचतानाच पटली. हे शक्य झाले, कारण ती हस्तलिखिते बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयात सांभाळून ठेवलेली आहेत.

आपल्याला या कामाचे मोल ठाऊक नाही, असे कसे म्हणावे? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या पोथ्यांमधील पाठभेद ताडून चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यासाठी 1919 पासून 1966 पर्यंतचा काळ वेचला. जुन्या पोथीतील एकेका अक्षरासाठी इतकी निष्ठा दाखवणाऱ्या महाराष्ट्रात आधुनिक मराठी कादंबरीकाराचे खर्डे मात्र रद्दीत जातात. आमच्या भागातील एका दिवंगत लेखकाची खाडाखोड केलेली पाने पाहावीत, म्हणून मी एका जुन्या ग्रंथालयात गेले होते. कुटुंबीयांनी ती दोन ट्रंका भरून दिली होती; परंतु ‘पुस्तक छापून झालेलं आहे, मग ही कशाला?’ म्हणून जागेअभावी ती विकण्यात आली, असे मला तेथे सांगण्यात आले. त्या दिवशी मी एसटीने घरी परतले, ती अतिशय खिन्न होऊन.

आता तर बहुतेक लेखन संगणकावर होते आणि जुन्या मजकुरावर नवा मजकूर साठवला, की आधीचे वाक्य कायमचे जाते. म्हणून लेखकांनी प्रत्येक खर्ड्याची एक छापील प्रत काढून तिच्यावर तारीख घालून ठेवावी आणि प्रकाशकांनी दुरुस्त्या केलेली मुद्रिते लेखकाला परत करावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जिल्हा ग्रंथालयांनी आपल्या जिल्ह्यातील लेखकांच्या अशा कागदांसाठी निदान एक कपाट राखून ठेवावे आणि लिहू पाहणाऱ्या मुलामुलींना ते उघडून दाखवावे. माझ्या कादंबरीचे तिन्ही खर्डे, चुलतीच्या हाती सूप असलेल्या त्या पानासह, अशा कपाटासाठी देण्यास मी तयार आहे.

आपली नम्र,
एक कादंबरीलेखिका, कराड