सहा वर्षांनी मैदानात उतरणाऱ्या संघाच्या कर्णधारास

पुणे,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू इतकी आनंदात होतीस की मध्ये काही बोलण्याचे माझ्या जिवावर आले. कॉलेजचा मुलींचा फुटबॉल संघ २०१९ नंतर पहिल्यांदाच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरणार आहे, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात पहिला सामना आहे आणि कर्णधार म्हणून तुझे नाव गेले आहे, हे सगळे तू एका दमात सांगून टाकलेस. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. आजी लगोलग उठून देवापुढे साखर ठेवून आल्या. मलाही फार आनंद झाला, हे आधी लिहून ठेवते, कारण यापुढचे वाचताना तुला कदाचित वेगळे वाटेल.

फोन ठेवल्यावर तू सांगितलेले दोन आकडे माझ्या डोक्यातून जाईनात. संघात चौदा जणी आहेत आणि हातात तीन आठवडे आहेत. कोथरूड आणि तुझे वसतिगृह एकाच शहरात असले तरी संध्याकाळच्या वाहतुकीत ते अंतर दीड तासाचे होते, आणि तुझा सराव सुरू झाल्यावर आपली निवांत भेट व्हायची नाही, म्हणून जे सांगायचे ते सविस्तर लिहूनच पाठवते आहे.

तुमचा संघ हरल्यामुळे बंद पडला नव्हता, हे तू सर्वांत आधी लक्षात घ्यावेस असे मला वाटते. मार्च २०२० मध्ये कॉलेजे बंद झाली आणि पुन्हा नीट भरेपर्यंत जवळजवळ दोन वर्षे गेली. २०१९ च्या संघात ज्या मुली तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाला होत्या त्या तोवर पदवी घेऊन गेल्या होत्या, आणि ज्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला होत्या त्यांच्या हाती जेमतेम शेवटची परीक्षा उरली होती. कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळासारखे संघ पेठेच्या आधाराने उभे असतात. तिथे खेळणारा पोरगा निवृत्त झाला तरी पेठ सोडून जात नाही, पुढच्या पोराला शिकवतो, चुकला तर सगळ्यांदेखत रागावतो. कॉलेजच्या संघाला असे कोणी नसते. त्याची आठवण फार तर चार वर्षांची, आणि दोन वर्षांचा खंड पडला की निम्मी आठवण जाते व उरलेली निम्मी कोणाकडे द्यायची हे कळत नाही. म्हणूनच तुम्हाला कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते शोधण्यात आठवडा घालवावा लागला, आणि गोलच्या जाळ्या उंदरांनी कुरतडल्या आहेत हे आत्ता कळले. यात कोणाचा दोष शोधू नकोस. पण संघ परत आला याचा अर्थ सामन्याची तारीख मिळाली एवढाच नाही. तुझ्यानंतर कर्णधार होणारी मुलगी आज त्या मैदानावर आहे का, यावर ते ठरेल.

खेळाच्या नियमाप्रमाणे एका बाजूला सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना सुरूही होत नाही आणि चालूही राहत नाही, हे तुला माहीत आहे. हा नियम मला फक्त कागदावरचा वाटत नाही, कारण तू दहावीत असताना आपण दोघींनी तो जवळून पाहिला आहे. जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि आपल्या बालेवाडीत झाला. त्या स्पर्धेत किमान तेरा खेळाडू उपलब्ध असणे बंधनकारक होते. २३ जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध भारताला तेवढ्याही मुली उभ्या करता आल्या नाहीत, कारण संघात करोना शिरला होता, आणि यजमान असूनही आपला संघ स्पर्धेतून बाहेर पडला. तू त्या संध्याकाळी जेवली नव्हतीस. पुढे दोन्ही उपांत्य सामने बालेवाडीत झाले, पण ते टीव्हीवर लावायलाही तू तयार नव्हतीस. मग ५ जुलै २०२५ रोजी त्याच भारतीय संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकात पात्रता फेरी जिंकून प्रवेश मिळवला, तेव्हा तू वसतिगृहातून फोन करून ओरडत होतीस. मधली साडेतीन वर्षे त्या मुलींनी काय केले असेल, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे.

आता फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्या कामाचे बोलते. रोज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास सराव करून तीन आठवड्यांत दम भरून काढू, असे तू म्हणालीस. हे मला अजिबात मान्य नाही. दम खरोखरच लवकर येतो, स्नायूंनाही काही आठवड्यांत बळ येते, पण कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) आणि लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) यांना तेवढ्याच ताणासाठी तयार व्हायला महिने लागतात, आणि नेमक्या याच मधल्या काळात खेळाडूला आपण पूर्वीसारख्या झालो असे वाटू लागते. अमेरिकेत २०११ साली व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे संघमालक आणि खेळाडू यांच्यात वाद झाला आणि मार्चपासून जुलैपर्यंत खेळाडूंना संघाचा सराव आणि संघाचे फिजिओ दोन्ही बंद झाले. शिबिरे पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिल्या १२ दिवसांत १० खेळाडूंची टाचेवरची अकिलीस कंडरा तुटली आणि पुढच्या १७ दिवसांत आणखी दोघांची तुटली. ती माणसे पोटापाण्यासाठी खेळणारी, तगडी, स्वतःच्या खर्चाने व्यायाम करत राहिलेली होती. तुझ्या चौदा जणींपैकी शाळेत फुटबॉल खेळलेल्या चार आहेत, आणि बाकीच्यांपैकी काही जणी गेली दोन वर्षे संगणकासमोर बसून आहेत.

फुटबॉलमध्ये मुलींच्या गुडघ्यातले एसीएल हे लिगामेंट फाटण्याचा धोका मुलांच्या दुपटी-तिपटीने असतो. धक्का लागून पडण्यापेक्षा धावताना एकदम थांबणे, वळणे आणि उडी मारून एका पायावर उतरणे यांत ते अधिक फाटते. त्यावर उपायही आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. फिफाने तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे. त्यात हळू धावणे, मग ताकदीचे, तोलाचे आणि उड्यांचे व्यायाम, आणि शेवटी वेगाने धावून वळणे असा क्रम असतो. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर त्याची चाचणी झाली आणि २००८ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या मुलींनी तो वॉर्मअप नेमाने केला त्यांच्या गंभीर दुखापती दुसऱ्या गटापेक्षा जवळजवळ निम्म्या होत्या. इथे ‘नेमाने’ या शब्दाकडे लक्ष दे, कारण सामन्याच्या दिवशी एकदा करून त्याचा काही उपयोग होत नाही.

माझ्या गुडघ्याविषयी मी तुला नीट कधी सांगितले नाही. मी कॉलेजात खो-खो खेळत असे. खांबापाशी वळताना पाय मुरगळला, सात आठवड्यांनी सूज उतरली आणि मी पुन्हा उतरले, कारण आमच्या नऊ जणी पुऱ्या होत नव्हत्या. मला कोणी भरीस घातले नव्हते, मीच हट्ट धरला. त्या सामन्यात गुडघ्यातली गादी फाटली आणि आमचा संघ त्या वर्षी पुन्हा उतरलाच नाही. मी मांडी घालून पंगतीला बसत नाही ते त्या दिवसापासून. फिजिओथेरपी मी आधीच शिकत होते, पण ती मला खरी कळली ती त्यानंतर. त्यामुळे ‘मी नाही खेळले तर संघ उभा राहणार नाही’ असे तुझ्या संघातली एखादी मुलगी म्हणाली, तर ती सर्वांत धोक्यात आहे असे समज. कर्णधार म्हणून तिला बाहेर बसवण्याचे धैर्य तुला दाखवावे लागेल. ती मुलगी तू स्वतः असलीस तरी.

तुझा मामा अमेरिकेतल्या ज्या बर्मिंगहॅममध्ये राहतो तिथली एक गोष्ट त्याने मला सांगितली होती. तिथला फुटबॉल लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा, आपला नव्हे. पण संघ बंद पडणे आणि परत येणे सगळीकडे सारखेच असते. युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा ॲट बर्मिंगहॅमने खर्चाचे कारण देऊन २ डिसेंबर २०१४ रोजी आपला संघ बंद केला. विद्यार्थी आणि शहरातले लोक पेटून उठले, वर्गणी उभी राहिली आणि १ जून २०१५ रोजी तो निर्णय मागे घेण्यात आला. बरेच खेळाडू तोवर दुसऱ्या विद्यापीठांत निघून गेले होते. त्यांनी घाई केली नाही. २०१५ आणि २०१६ हे दोन्ही हंगाम एकही सामना न खेळता केवळ मुले जमवण्यात आणि सरावात घालवले. २ सप्टेंबर २०१७ रोजी ते परत आले तेव्हा ४५,२१२ माणसे पाहायला आली होती. त्यांनी तो सामना ३८-७ असा जिंकला आणि त्या वर्षी तेरापैकी आठ सामने जिंकले. याउलट डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीवर, खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल, १९८७ च्या हंगामाची बंदी आली आणि १९८८ मध्येही त्यांना संघ उभा करता आला नाही. १९८९ मध्ये ते उतरले ते बहुतांश नवख्या मुलांना घेऊन. अकरापैकी दोन सामने त्यांनी जिंकले आणि ह्यूस्टनकडून एक सामना २१-९५ असा हरले.

या दोघांत मला त्या डॅलसच्या मुलांविषयी अधिक आपुलकी वाटते. त्यांच्याजवळ वेळ नव्हता, मोठी मुले नव्हती, तरी ती प्रत्येक शनिवारी उतरत राहिली. तुमचे यंदाचे वर्ष तसे असू शकेल. गोल खावे लागतील, कदाचित पुष्कळ खावे लागतील, आणि प्रेक्षकांत बसलेले कोणी हसेलही. त्याने तू खचू नयेस म्हणून हे लिहिले. पण मैदानाबाहेर शक्य असेल तेवढे बर्मिंगहॅमवाल्यांसारखे वागा. तुझ्या चौदांपैकी नऊ जणी शेवटच्या वर्षाला आहेत, म्हणजे जूनमध्ये पाच उरतील आणि संघ पुन्हा कपाटात जाईल. पहिल्या वर्षाचे प्रवेश नुकतेच झाले आहेत आणि त्या मुली अजून बावरलेल्या, मैत्रिणी शोधणाऱ्या आहेत. वसतिगृहाच्या मेसमध्ये त्यांच्या टेबलावर जाऊन बस. फुटबॉल येत नसला तरी चालेल असे सांग, खो-खो, कबड्डी, धावणे, जे काही त्यांनी केले असेल ते विचार. यंदा त्यांना सामन्यात दहा मिनिटे मिळाली तरी पुढच्या वर्षी त्या जुन्या खेळाडू असतील.

सराव आठवड्यातून चारच दिवस ठेव आणि पहिला आठवडा सामना खेळून पाहूच नका. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या मैदानावर खेळा. तुमचे मैदान मुरुमाचे आहे, पाऊस अजून गेलेला नाही, आणि ओल्या मुरुमावर वरचा थर सरकतो व खालचा घट्ट राहतो, म्हणून कोणाच्या बुटांखालचे स्टड झिजलेले असतील तर तिला तसे उतरू देऊ नकोस. आणखी एक गोष्ट सरांशी बोलून करून घे. सगळ्यांचे हिमोग्लोबिन तपासा. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले आहे, आणि दम लागणाऱ्या मुलीला ‘तुझा सराव कमी पडतो’ असे सांगून आणखी दोन फेऱ्या पळवणे हा तिच्यावर अन्याय असतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींचे मूळ दुखणे तेच निघते.

एक जाड वही आण. कोण किती दिवस आले, कोणाचे काय दुखले, कोणत्या कॉलेजचा संघ कसा खेळतो, जाळ्या कुठून विकत घेतल्या, मैदानासाठी अर्ज कोणत्या खोलीत द्यायचा, हे सगळे तीत लिही आणि जाताना ती वही दुसऱ्या वर्षाच्या मुलीच्या हातात दे. २०१९ च्या मुलींनी अशी एखादी वही ठेवली असती तर तुझा किल्लीचा आठवडा वाचला असता, पण त्यांना तरी कुठे ठाऊक होते की मार्चमधली ती सुट्टी एवढी लांबेल.

येत्या शनिवारी सकाळी सहाला मी मैदानावर येते. दवाखाना मी अकरापर्यंत बंद ठेवणार आहे. सोबत रबरी पट्टे, टेप आणि बर्फाची पेटी आणीन, आणि आजी चौदा जणींना पुरतील एवढे अळिवाचे लाडू करत आहेत. वॉर्मअपचे सगळे व्यायाम मी एकेकीचा गुडघा पाहून करून घेईन. नव्या जाळ्या तोवर आल्या तर त्या बांधू नका, कारण त्यांच्या गाठी कशा मारायच्या हे मैदान सांभाळणाऱ्या मामांना येत असणार, ते जुन्या संघाच्या वेळेपासून तिथे आहेत असे तूच म्हणालीस. त्यांना शनिवारी थांबायला सांग, आणि पहिल्या वर्षाची एखादी मुलगी मिळाली तर तिलाही बोलाव.

तुझी,
आई