डफडं शेकलं नोतं

बाबू,

तुहा अल्बम आयकला. तीनदा. पयल्यांदा वावरात, रानडुकरायच्या जागलीले गेलो तवा मचाणावर मोबाईल ठेवून, मंग घरी तुह्या आईसंगं, न काल पानठेल्यावर, शेजारच्या पोट्ट्यानं त्याच्या ब्लूटूथवर लावला, नऊच्या नऊ गाणे. ठेलेवाला म्हणे काका हे तुमच्यावाल्या पोराचं हाय का, म्या म्हटलं हो, न त्या खुशीत चौघायच्या खर्र्याचे पैसे म्याच देले.

गिटार मस्त वाजवली. पण दोन गोष्टी सांगतो, रागावू नको.

तिसऱ्या गाण्यातलं डफडं शेकलं नोतं वाटते. पावसाळ्यात चामडं सादळते न ढिल्लं पडते, आवाज डबडब येते, म्हणून आपल्या इकडे वाजवणारे आधी रद्दी पेटवून त्याच्यावर डफडं फिरवतात, बोटानं टिचकी मारून पाहतात, खणकन बोललं का मंग गळ्यात. आता स्टुडिओत तुले आग कोण पेटवू देईन म्हणा!

दुसरं म्हणजे पोळ्याचं गाणं. जोडी इकली, घर गप्प, न बाप धुऱ्यावर बसून रडते. जोडी इकली हे खरं, ट्रॅक्टर भाड्यानं सांगतो हेबी खरं, पण म्या कवा रे रडलो धुऱ्यावर? शहरातल्यायले विदर्भ म्हटलं का रडणंच पायजे असते, तू त घरचा. त्या वर्षी जोडी नोती तरी म्या तोरणाखाली जाऊन उभा रायलो न झडती टाकली, पोळ्यातल्या टोमण्याच्या ओळी, तू बाजूलेच होता:

पराटी वाळली, रायली कांडी,
भाव सांगते गोड न काट्यात मारते दांडी,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

अख्खं गाव हासलं, न ज्यानं आपला कापूस तोलला तो बी तिथंच उभा होता, त्यालेबी हर हर महादेव म्हणा लागलं, नाही म्हणून जाते कुठी! तू शेवटी तेच "हर बोला" घेतलं, पण इतकं हळू न इतकं लांबवून का तुही आई म्हणे, हे पोळ्याचं हाय का मयतीचं.

तूच सांगतलं होतं ना, बॉब डिलनची पयली रेकॉर्ड 1962 ले आली, 13 गाण्यायमंदी दोनच त्याचे सोताचे, बाकी जुने न दुसऱ्यायचे, न पयल्या वर्षी 5000 च्या आसपास खपली. खप कमी झाला त घाबरू नका म्हणून तू सांगत होता, मले मातर ते बाकीचे अकरा ध्यानात रायले. तुह्यात नऊच्या नऊ तुहेच. आईपाशी भुलाबाईचे गाणे हाय, तिकडे झाडीपट्टीत दंडारीचे नाच-गाणे हाय, झडत्या त इचारूच नको. तुह्या आज्यानं मोझरीले तुकडोजी महाराजायची खंजिरी आयकली होती, 1968 ले महाराज गेले, पण म्हातारा मरेपर्यंत तो ठेका पाटावर बोटानं वाजवून दाखवे, मले अजून येते, तुले कधी शिकवला नाही ही माहीच चूक.

पाचवं गाणं आईवालं, त्याच्याबद्दल काही लिहत नाही, ते तिनं मले दोन वेळा मागं घ्याले लावलं न मंग चुलीपाशी जाऊन बसली.

पोळ्याले ये. मंदिराजवळच्या म्हाताऱ्या काकाले अजून लय झडत्या पाठ हाय, दम लागते आता त्यायले, सकाळीच मोबाईलात भरून घे. गिटार आण. डफडं शेकाले रद्दी म्या वरच्या फळीवर ठेवली हाय, तिथं पाणी गळत नाही.

तुहा बाबा