ओंकार, गाडी रात्रीची चालवू नकोस

चि. ओंकारला,
अनेक आशीर्वाद.

रविवारी जेवून रात्री दहाला पुण्याला निघालास आणि पहाटे तीनला ‘पोचलो’ एवढा एकच शब्द आला. तोवर मी आणि बाबा बाहेरच्या खोलीत बसून होतो. सोमवारी पहाटे नीघ म्हणून किती विनवलं. हायवेच्या त्या सहापदरीच्या कामात रस्ता कुठं वळवलाय ते दिवसाउजेडी कळत नाही, आणि तू पावसात, अंधारात, टू-व्हीलरवर. फोनवर ‘हो आई, बरं आई’ करून ठेवतोस, म्हणून लिहितेय. सगळं वाच.

तू अचानक का आलास ते मला न सांगता कळलं. तिचं लग्न ठरल्याचं मला तुझ्याआधीच समजलं होतं. गुजरीत तिची आई भेटली. सराफ 21 पानांचा साज उलगडून दाखवत होता. तिनं माझा हात धरला, आणि बराच वेळ आम्हा दोघींनाही बोलायला सुचेना. तुला कळवायला मी फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. ऐकलं की हा रात्रीच गाडी काढणार, हीच भीती. शेवटी तेच झालं.

आजीचा साज तिच्या गळ्याला लावून बघितलेला तुला आठवत असेल. गौरी जेवायच्या दिवशी. असो.

तिला बोल लावू नकोस, आणि तुझ्या मित्रांनाही लावू देऊ नकोस. तिला परदेशी जायचं होतं, तुला इथं परत यायचं होतं. दोन वर्षं तुम्ही दोघांनी सगळ्या बाजूंनी विचार करून बघितला. तिनं तोंडावर सांगितलं, लपवाछपवी केली नाही. मला ती पोर आवडायची, आजही आवडते. म्हणून मलाही जड जातंय, ते तुझ्यापासून कशाला लपवू?

शनिवारी सकाळी बाबा तुझी गाडी पुसत होते. मला हाक मारून मागची सीट दाखवली. तिचं ते मरून हेल्मेट अजून जाळीनं बांधलेलं. मी सोडवून हातात घेतलं तर आतलं अस्तर स्वच्छ, साबणाचा वास येत होता. म्हणजे तू ते धुतोस. ओंकार, माझ्या पोटात तुटलं रे.

आता ऐक. तिचे फोटो बघत बसणं बंद कर. माडीवर मध्यरात्री तुझ्या मोबाइलचा उजेड मला दिसत होता. वेळेवर जेव. डबा लाव. पहाटे ऊठ, तालीम सुटली तर सुटली, निदान पळायला जा. एकटा खोलीवर पडून राहू नकोस, आणि रात्रीचं हायवेला तर अजिबात... बघ, तुला समजून घ्यायला बसले आणि उपदेश सुरू झाला. माफ कर.

सारखा 2019 चा पूर आठवतो. शिरोलीपाशी हायवेवर पाणी, गावात दूध नाही, पेट्रोल नाही. तू तालमीच्या पोरांबरोबर चिखली-आंबेवाडीची माणसं काढायला गेलास, घरी आलास तेव्हा पायाची कातडी पांढरी पडून सुटायला लागली होती. ती तुला तिथल्याच छावणीत भाकऱ्या बांधताना भेटली, हे तू मला नंतर सांगितलंस. तेव्हाही मी घाबरले होते, पण चार बायकांत मान ताठ करून सांगायची, माझा मुलगा आहे तो. अजून सांगते.

आजीच्या मावशीचं, माईचं, तू ऐकलं आहेस का? तिचा पहिला नवरा 1918 च्या मानमोडीच्या साथीत गेला. पंधरा-सोळाची होती. शाहू महाराजांनी आदल्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला होता. भावानं हिंमत धरली आणि तिचं दुसरं लग्न लावलं. भावकी वर्षभर बोलत नव्हती. पुढं माईनं मोठा संसार केला, नातवंडं बघितली. पण पित्रात ती पहिल्याच्या नावानं एक पान वाढायची, आणि दुसरा नवरा ते पान स्वतः गाईला घालून यायचा. ते हेल्मेट बघितल्यापासून माईच डोळ्यांपुढं आहे.

टाकून दे असं मी म्हणणार नाही. पुढच्या वेळी इथं आण, माळ्यावर ठेवू. गाडीवर मात्र नको. ते मागं बांधलेलं असलं की तुझं चित्त रस्त्यावर राहत नाही.

आणि एक विचारते, रागावू नकोस. रात्री एकटा येताना मनात काही भलतंसलतं येतं का? येत असेल तर आहेस तिथं गाडी बाजूला घे, किणीच्या नाक्यावर असो की साताऱ्यात, आणि मला फोन कर. मला सांगवत नसेल तर आत्तीला कर. ती म्हणाली, मनातलं बोलायला सरकारचा टेलीमानसचा 14416 नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. तिच्या हॉस्पिटलातली शिकलीसवरलेली माणसं करतात म्हणे. नंबर फोनमध्ये भरून ठेव. माझ्यासाठी ठेव.

तुझ्या दुसऱ्या लग्नाचं... म्हणजे लग्नाचं मी काही काढणार नाही. मावशीनं कागलचं स्थळ आणलंय, तिला मीच थांब म्हटलंय. साज कपाटात आहे, त्याला कसली घाई नाही.

गणपतीला कोयना एक्स्प्रेसनं ये, नाहीतर स्वारगेटवरून एसटीनं. गाडी तिथंच राहू दे. आलास की स्टेशनवर बाबा घ्यायला येतील. चटणीचा डबा बॅगेत खाली आहे, ओला हात लावू नकोस. आणि बाबा म्हणाले, पुढचा टायर पार गुळगुळीत झालाय. त्यांनी पैसे पाठवलेत, या शनिवारी आधी तो बदलून घे आणि बिलाचा फोटो टाक.

तुझी,
आई