आमच्या बंड्याच्या डॉक्टर ताईंना, मनापासून थँक्यू

डॉक्टर ताई, क्लिनिकमध्ये एवढी गर्दी असते की तुमच्याशी धड दोन शब्द बोलणं होत नाही, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

बंड्या आमचा गावठी कुत्रा, 13 वर्षांचा. गेल्या पावसाळ्यापासून त्याने जिना चढायचंच सोडलं, बेल वाजली तरी जागचा हलायचा नाही, आणि जो तो म्हणायचा की वय झालं आता, असंच चालायचं. आधी जिथे दाखवायचो तिथेही अंगाला हात न लावता हेच सांगितलं आणि मीही तेच धरून बसले. तुम्ही घरी आलात तेव्हा आधी त्याच्याकडे गेलाच नाहीत, चप्पल काढून हॉलमध्ये चालून बघितलंत आणि म्हणालात, अहो ही फरशी केवढी गुळगुळीत आहे. मग खाली मांडी घालून बसलात आणि त्याला हाक मारलीत. उठताना त्याचे मागचे दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला घसरायचे, तो थोडा थांबायचा, मग एकेक पाय ओढून जवळ घ्यायचा. हे मी रोज बघत होते हो, पण दिसलं तुम्ही दाखवल्यावर. हा आळशी नाही झालेला, ह्याला दुखतंय, असं तुम्ही म्हणालात आणि मला रडूच आलं.

त्याच दिवशी तुम्ही त्याचा पंजा मांडीवर घेऊन तळव्याच्या मऊ गाद्यांमधले वाढलेले केस छोट्या कात्रीने कापलेत, नखं कापलीत. केसांमुळे पाय फरशीला टेकतच नव्हता, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आता त्याच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून किचनपर्यंत रबरी मॅट टाकल्यात, भांडं पाटावर ठेवलंय म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही. तूप लावलेली पोळी आणि चहासोबतची बिस्किटं बंद केली, 29 किलोचा 25 वर आलाय. आईला हे फार जड गेलं, पण सांध्यांवरचा भार आधी कमी करायचा, गोळी त्यानंतर, हे तुम्ही तिला इतकं शांतपणे समजावलंत की ती आता स्वतःच सगळ्यांना सांगते.

आणि ती गोळीची गोष्ट. त्याचं कण्हणं बघवेना म्हणून मी दोनदा घरातली माणसांची पेनकिलर अर्धी करून दिली होती, तुम्हाला सांगताना मान वर होत नव्हती. तुम्ही ओरडला नाहीत. आधी रक्त तपासून किडनी लिव्हर ठीक आहे बघितलंत, मगच कुत्र्यांसाठीचं औषध चालू केलंत, ते पण जेवणानंतरच द्यायचं म्हणून. माणसांच्या त्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाऊ शकते, आणि मांजरीच्या तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जिवावर बेतते. ज्यांच्या घरी म्हातारं जनावर आहे त्यांनी प्लीज हे लक्षात ठेवा.

आमच्या मांजरीचं, मनीचंही तुमच्यामुळेच कळलं. मी सहज म्हणाले की ही हल्ली फार पाणी पिते, उन्हाळा असेल, तर तुम्ही लगेच क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करायला लावलंत. म्हाताऱ्या मांजरींना किडनीचा त्रास खूप होतो हे तेव्हा समजलं. मग तिला घरीच कातडीखाली सलाइन कसं द्यायचं ते तुम्ही शिकवलंत. सलाइनची बाटली कोमट पाण्यात ठेवायची, खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरायची, सुई आडवी घालायची. पहिल्यांदा माझा हात थरथरत होता आणि तुम्ही तुमचा हात माझ्या हातावर ठेवून ते केलंत. आता आठवड्यातून दोनदा 100 मिली मी घरीच देते, ती माझ्या मांडीवर डोळे मिटून पडून असते.

काल सकाळी आई भाकरी थापत होती तर बंड्या आपला आपण उठला, मॅटवरून हळूहळू किचनच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथे बसून शेपटी आपटायला लागला, कित्येक महिन्यांनी. आईने तव्यावरून हात काढून मला हाक मारली. तुम्हाला व्हिडिओ पाठवलाय, सवडीने बघा.

मनीची बाटली संपत आलीय, शनिवारी येईन न्यायला.

तुमची,
बंड्या आणि मनीची ताई