घरी करा, पण मजुरीही धरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी पदार्थ करून पैसे वाचवा असा लेख आला होता. दही तूप पनीर ब्रेड पापड लोणची मसाले सगळं एका पानात कोंबलेलं, आणि शेवटी महिन्याला हजारोंची बचत. वाचून बरं वाटलं, पण हिशोब काही पटला नाही. सामानाचे पैसे धरलेत, गॅस नाही धरला, आणि करणाऱ्याचा वेळ तर फुकटच समजलाय. घरी केलं की स्वस्त पडतं हे सरसकट खरं नाहीये. काही गोष्टी चिक्कार स्वस्त पडतात, काहीत चार रुपये सुटतात आणि काहीत तर उलट आपणच मार खातो.

मी नोकरी करते, घरी चार माणसं, त्यामुळे मला हे पाठच झालंय. ज्या पदार्थात काम वेळ करतो तो घरी करायचा आणि ज्यात काम हात करतात तो विकत आणायचा, एवढा साधा नियम आहे.

आता इडली-डोशाचं पीठच घ्या. आमच्या इथे किलोचं पाकीट ऐंशी ते शंभर रुपयाला मिळतं. त्या किलोत असतं काय तर जेमतेम चारशे ग्रॅम तांदूळ नि उडीदडाळ आणि बाकी पाणी, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे आपण नळाच्या पाण्याचे देतो. तांदूळ पन्नास रुपये किलोचा धरा, उडीदडाळ सव्वाशे-दीडशेची धरा, तिनास एक प्रमाण, तर किलोभर पीठ तीस रुपयाच्या आत बसतं. आणि कष्ट किती? सकाळी डबे भरताना चिमूटभर मेथीदाण्यांसकट भिजत टाकायचं, रात्री जेवणं झाल्यावर मिक्सरमधून काढायचं, आणि झाकून झोपायचं. आंबवायचं काम रात्र करते. थंडीत पुण्यात पीठ फुगायला कुरकुर करतं तेव्हा भांडं बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं की झालं, ओव्हन नसेल तर जुन्या शालीत गुंडाळून धान्याच्या डब्याशेजारी. आमच्याकडे वाटायचं काम ह्यांच्याकडे आहे आणि ते बिनतक्रार करतात, हेही त्या लेखात कुठे नव्हतं बरं का, फोटोत मात्र ओट्यापाशी हसणारी बाईच होती.

दह्याचंही तसंच. चारशे ग्रॅमचा डबा पस्तीसच्या आसपास, घरी तेवढंच दही गाईच्या दुधाचं पंचवीसात लागतं. दहा रुपयेच सुटतात म्हणाल, पण रोज दही खाणारं घर असेल तर महिन्याचे तीनशे झाले आणि काम तर काहीच नाही, दूध कोमट झालं का ते करंगळीने बघायचं आणि चमचाभर विरजण लावायचं. शिवाय १८ जुलै २०२२ पासून पाकिटातल्या लेबल लावलेल्या दह्या-ताकावर पाच टक्के जीएसटी बसला तेव्हा केवढी ओरड झाली होती, पण घरच्या विरजणावर अजून तरी कोणी कर बसवलेला नाही!

तूप मात्र जरा खोलात जाऊन सांगते कारण खरी बचत तिथे आहे आणि लेखात दोनच ओळी होत्या. फुल क्रीम दुधात सहा टक्के फॅट असतं म्हणजे लिटरमागे साठ ग्रॅम. दूध तापवून, गार करून, फ्रिजमध्ये ठेवून वरची साय काढली तर त्यातलं साधारण निम्मं हाती लागतं. रोज लिटरभर दूध घेणाऱ्या घरात महिन्याकाठी अर्धा-पाऊण किलो तूप आरामात होतं. बाजारात चांगलं तूप साडेसहाशेच्या घरात आहे, २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बारावरून पाचवर आला तरी काही ते गरिबाचं झालेलं नाही. म्हणजे सव्वातीनशे ते पावणेपाचशे रुपये सुटले, आणि लोणी काढल्यावर राहतं ते ताक वेगळंच. हां, साय काढलेलं दूध पातळ होतं हे खरं, तेव्हा तूप अगदीच फुकट नाही, घरात वाढतं पोर असेल तर त्याच्या कपातली साय काढून बरणी भरण्यात काही शहाणपण नाही. पण आमच्याकडे साय दिसली की सगळे कप बाजूला सरकवतात, मग ती जाणार कुठे.

करायचं म्हणजे रोजची साय विरजण लावलेल्या डब्यात टाकत जायची, डबा फ्रिजमध्ये, आठ-दहा दिवसांनी बाहेर काढून घुसळायची. लोणी येत नसेल तर बर्फाचं पाणी घालायचं, लगेच गोळा धरतो. लोणी दोन-तीन पाण्यांनी धुवायचं आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद गॅसवर ठेवायचं. आधी तडतड आवाज येतो तो पाण्याचा, आवाज थांबत आला, वर बारीक फेस आला आणि तळाची बेरी बदामी दिसायला लागली की गॅस बंद, बदामीची तपकिरी व्हायला मिनिटसुद्धा लागत नाही. सासूबाई कढवताना विड्याचं पान टाकतात, वास छान येतो. बेरीत साखर घातली की पातेलं घासायला मुलं भांडतात. गॅसचं म्हणाल तर १४.२ किलोचा सिलेंडर साडेआठशेच्या पुढे आहे म्हणजे किलोला साठ रुपये, मंद आचेवर वीस मिनिटं म्हणजे दोन-तीन रुपयांचा खेळ.

आता जिथे पैसे सुटत नाहीत ते. पनीर! लिटरभर म्हशीचं दूध सत्तर-बहात्तरचं, त्यातून पनीर निघतं दोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि दोनशेचं पाकीट नव्वदला मिळतं. लिंबू, गॅस, फडकं धुणं, दाबून ठेवणं धरलं तर हातात काय राहिलं? त्यात पाकिटातल्या पनीरवरचा जीएसटीही आता शून्य झालाय. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत नकली पनीरचा विषय गाजला तेव्हापासून आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत पनीर घरी होतं, ते खात्रीसाठी असेल तर जरूर करा, पण त्याला बचत म्हणू नका. पाणी तेवढं फेकू नका, कणीक भिजवायला उत्तम.

ब्रेडबद्दल तर बोलायलाच नको. चाळीस रुपयांच्या लादीसाठी तास-दीड तास ओव्हन तापवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मेतकूट मात्र घरी करा, डाळ-तांदूळ भाजले, सुंठ हिंग हळद जिरं घातलं, दळलं, महिनाभर टिकतं. आलं-लसूण पेस्ट लसूण स्वस्त असेल तेव्हाच करा, २०२४ मध्ये लसूण चारशे रुपये किलोला टेकला होता तेव्हा पाकीटच परवडत होतं.

आणि पापड. लेखात पापड घरी लाटा म्हणून सल्ला दिलाय तो वाचून खरं तर हे पत्र लिहायला बसले. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं लिज्जत झालं, आणि त्या बायकांनी पहिल्यापासून एक गोष्ट धरून ठेवली की लाटण्याचे पैसे मिळाले पाहिजेत. पापड लाटणं ही मजुरी आहे, पाठ धरते, मनगट जातं. आज आमच्या भागात बचत गटाच्या बायका उडदाचे, पोह्याचे पापड करून देतात, त्यांच्याकडून घेतले तर पैसे थोडे जास्त जातात पण जातात ते लाटणारीच्या हातात. ते वाचवून मी कुठला बंगला बांधणार आहे?

तेव्हा पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा प्रत्येक पदार्थापुढे सामान, गॅस आणि लागणारे तास असे तिन्ही आकडे छापा. आणि फोटोत एखादा पुरुष मिक्सरपाशी उभा करा, मॉडेल मिळत नसेल तर आमचे हे तयार आहेत.

ता.क. : पिठासाठी वेट ग्राइंडर घ्यावा का म्हणून मैत्रिणी विचारतात. चार-पाच हजारांचं मशीन, चार माणसांच्या घराला अजिबात गरज नाही, मिक्सरवर होतंय. फक्त उडीद वाटताना फ्रिजचं गार पाणी घाला, मिक्सर तापला की पीठ नीट फुगत नाही.

आपली एक वाचक,
कोथरूड, पुणे