भंगारात काढायच्या आधी हार्ड डिस्क बदलून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरातला जुना कॉम्प्युटर स्लो झाला की सगळे एकच सांगतात, याचं आता झालं, नवीन घ्या. मलाही दोन वर्षं हेच ऐकवत होते आणि मला ते जवळजवळ पटलंही होतं, कारण बटण दाबल्यावर डेस्कटॉप दिसायलाच पाच मिनिटं लागायची आणि दिसल्यावर पण काही उघडायला गेलं की तो गोल फिरतच राहायचा. शेवटी मी फक्त हार्ड डिस्क (जिच्यात विंडोज, फोटो, फाइली सगळं साठवलेलं असतं ती) काढून एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी नव्या प्रकारची डिस्क लावली. मदरबोर्ड तोच, प्रोसेसर तोच, रॅम तीच चार जीबी, आणि आता अर्ध्या मिनिटाच्या आत चालू होतो. एवढी साधी गोष्ट आधी कोणी सांगितली नाही याचं मला खरंच वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

आधी दुखणं डिस्कचंच आहे का ते बघून घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज १० मध्ये तिथे डिस्कचा आकडा पण दिसतो. प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत बसलाय आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकलीये, खाली उतरतच नाही, असं दिसलं तर बाकी सगळे डिस्कची वाट बघत थांबलेत. रॅमच ९० टक्क्यांच्या वर भरलेली असेल तर आधी रॅमचं बघा.

असं का होतं हे मला समजलं तेव्हाच माझी भीती गेली, म्हणून जरा सविस्तर सांगते. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खऱ्याखुऱ्या चकत्या फिरत असतात, डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये बहुधा मिनिटाला ७२०० फेरे, लॅपटॉपच्या डिस्कमध्ये बहुतेक वेळा ५४००. ७२०० म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, हवी ती जागा हेडखाली (हेड म्हणजे चकतीवरचं वाचणारा भाग) यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, त्याआधी हेडनं सरकून चकतीवरच्या योग्य वर्तुळावर जायचं त्यात आठ-दहा मिलिसेकंद, म्हणजे हिशोब केला तर सेकंदाला जेमतेम सत्तर-ऐंशी वेगवेगळ्या ठिकाणचं वाचून होतं. आणि विंडोज चालू होताना ती स्वतः, अँटीव्हायरस, अपडेट, सगळे मिळून हजारो बारीक बारीक फाइली मागतात, त्याही डिस्कभर विखुरलेल्या. १९५६ साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा तिच्यात २४ इंची ५० चकत्या होत्या, मावायची फक्त ५० लाख अक्षरं आणि एक जागा शोधायला लागायचे साधारण ६०० मिलिसेकंद. तेव्हापासून जागा लाखो पटीनं वाढली, पण शोधायचा वेळ पन्नासेक पटच कमी झाला, कारण शेवटी काहीतरी सरकवायचं आणि फिरवायचं आहेच. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, तिथे हेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होतं. सगळा फरक इथे आहे.

विकत घ्यायच्या आधी डबा उघडून (ज्याला घरात सगळे सीपीयू म्हणतात तो डबा) हार्ड डिस्कपासून मदरबोर्डकडे जाणारी केबल बघा. अरुंद, सात पिनांची असेल तर ती साटा, मग काही प्रश्न नाही, आजची अडीच इंची साटा एसएसडी लागते. मदरबोर्डवर जुना साटा असला तर तो सेकंदाला ३०० एमबीच्या वर जाऊ देत नाही, पण त्यानं निराश व्हायचं कारण नाही, रोजच्या वापरात जो फरक जाणवतो तो बारीक फाइलींचाच. रुंद चपटी रिबनसारखी ४० पिनांची केबल असेल तर ती आयडीई, त्या मशीनवर फार खर्च करू नका असं मी म्हणेन, शिवाय त्यातल्या बऱ्याच जुन्या बोर्डांना १३७ जीबीच्या पुढची डिस्क दिसतच नाही. आणि एम.२ नावाची जी छोटी पट्टी मिळते ती जुन्या कॉम्प्युटरसाठी घेऊ नका, जागा बहुतेक नसतेच आणि अडॅप्टर लावून बसवली तरी एनव्हीएमई डिस्कवरून (एम.२ पट्टीतला वेगवान प्रकार) जुना बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम, विंडोज सहसा चालू करू शकत नाही.

आता मुख्य गोष्ट. डिस्क बसवणं म्हणजे चार स्क्रू आणि दोन केबली, दहा मिनिटांचं काम. खरा धोका आहे जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर नेण्यात, ज्याला क्लोन करणं म्हणतात. आमच्या नात्यातल्या एकांनी घाईघाईत क्लोन करताना दोन डिस्कची अदलाबदल केली, कुठून आणि कुठे हे विचारतात तिथे उलटं निवडलं गेलं आणि कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी झाली. मुलीचा जन्म झाल्यापासून आठ वर्षांचे फोटो होते त्यात. परत काही मिळालं नाही. त्यांच्या बायकोचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून हात जोडून सांगते, क्लोन करायच्या आधी फोटो आणि कागदपत्रं तिसऱ्या जागी, म्हणजे पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, तो ड्राइव्ह किंवा ती डिस्क काढून बाजूला ठेवा आणि मगच सुरुवात करा. आणि निवडताना डिस्कचा मॉडेल नंबर वाचा, नुसतं डिस्क ०, डिस्क १ वर विसंबून राहू नका.

माझी जुनी डिस्क ५०० जीबीची आणि नवी एसएसडी ४८० ची, त्यामुळे क्लोन पहिल्यांदा झालंच नाही, क्लोन करणारा प्रोग्राम जागा कमी आहे म्हणाला. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून जुनं पार्टिशन (डिस्कचा सी, डी असा भाग) आधी लहान केलं तेव्हा काम झालं. नव्या डिस्कवर ४८० च्या जागी ४४७ दिसलं तर फसवलं असं समजू नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढूनच ठेवा, दोन्हींची ओळख एकसारखी असते त्यामुळे गोंधळ होतो. डबा उघडायच्या आधी मेन स्विच बंद, वायर काढलेली आणि एकदा धातूच्या भागाला हात लावून घेतलेला, एवढं लक्षात असू द्या.

पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका! लगेच बंद करा. ती चालू असलेला प्रत्येक मिनिट नुकसानाचा आहे. लिनक्सवरचं (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम) डीडीरेस्क्यू नावाचं डेटा वाचवायचं सॉफ्टवेअर आधी चांगला भाग काढून घेतं आणि खराब जागी नंतर परत परत प्रयत्न करतं, पण आवाज करणाऱ्या डिस्कवर तेही धोक्याचं, डेटा महत्त्वाचा असेल तर सरळ डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

हेही खरं की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या जुन्या मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, एसएसडीनं तो प्रश्न सुटत नाही. पण त्याच एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं तर ब्राउझर, पत्रं लिहिणं, फोटो बघणं सगळं चालतं आणि अपडेटही येत राहतात. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे, त्यात आपला चालता कॉम्प्युटर कशाला घालायचा? आपल्या पेपरात नवीन मोबाइल, नवीन लॅपटॉप यांच्यावर इतकं येतं, तर कधीतरी अर्धं पान या जुन्या मशीनसाठीही द्या ना, फोटोंसकट, कुठला स्क्रू कुठे ते दाखवून.

राहिली काढलेली डिस्क. ती कोणाला द्यायची असेल तर क्विक फॉरमॅट पुरत नाही, त्यानं डेटा जात नाही, पूर्ण डिस्कवर नव्यानं लिहून ती पुसावी लागते. मी दिली नाही. कोऱ्या पाकिटात घालून, वर मार्करनं तारीख लिहून कपाटात ठेवलीये, आणि दर सहा महिन्यांनी बाहेरून जोडून बघते. परवाच बघितली, सगळे फोटो उघडतायत.

आपली,
एक नियमित वाचक